कराची, जर्मन गिऱ्हाईक आणि वळिवडे

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गटार तुंबलंय का नाही, यावर मला कुणी फसवू शकत नाही. जाऊन बघता येतं, नाक शाबूत आहे, शेजारी बोंबलायला आहेत. ‘काम पूर्ण’ असा बोर्ड लावला तरी पेठ हसते. कराची बंदर जळतंय का नाही हे मात्र पेठेतल्या एकालाही दिसत नाही, आणि त्यावर सगळ्यात ठाम मत पेठेतच मिळतं. परदेशाबद्दल काहीही मत बाळगा, खिशातला रुपया जात नाही. गटाराबद्दल चुकलं तर निदान चप्पल तरी भरते.

८ मे २०२५ ची रात्र आठवा, भारत-पाकिस्तान लढाई पेटलेली. टीव्हीवर कराची बंदर बेचिराख, इस्लामाबाद जवळपास हातात. आमच्या तालमीच्या ग्रुपवर रात्रभर फटाके. सकाळी कराची जिथल्या तिथं. जळतं कराची म्हणून जे फिरत होतं त्यातला एक व्हिडिओ अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा होता, तिथं जानेवारीअखेर कोसळलेल्या विमानाचा. आपल्या सैन्यानं जे खरोखर केलं होतं, ते या गोंधळात बाजूलाच पडलं. मला याचाच जास्त राग आला.

विमानं पाडल्याच्या क्लिपांची तर वेगळीच कथा. ‘आर्मा ३’ नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं जगभर लढाईच्या बातम्या म्हणून खपतात. हा गेम बनवणाऱ्या चेक कंपनीला २०२२ सालीच जाहीर सांगावं लागलं की बाबांनो, हा खेळ आहे. तो ओळखायचा कसा, हेही त्यांनी सांगितलं: चित्र धुरकट, कॅमेरा थरथरता, बहुतेक वेळा रात्र, आवाज नाही आणि हलणारी माणसं कुठं दिसत नाहीत. हे वाचल्यापासून मी क्लिपमध्ये आधी माणसं शोधतो. एवढी मोठी लढाई आणि पळणारा एक माणूस नाही?

आता उलटी बाजू. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत एक्स्पोर्टचे कागद बघतो. त्याच आठवड्यात जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा मेल: फॅक्टरी चालू आहे का, माणसं सुरक्षित आहेत का, माल दुसरीकडून मागवायचा का? इथं मेल्टिंगला नेहमीसारखी शिफ्ट चालू, ट्रक लोड होतोय, कॅन्टीनमध्ये आमटी पातळ म्हणून भांडण. सीमा कुठं, शिरोली कुठं! पण त्या बिचाऱ्याच्या फोनवर अख्खा भारत पेटलेला. साहेबांनी यार्डाचा साधा व्हिडिओ काढून पाठवला तेव्हा तो शांत झाला. त्याचा पैसा अडकला होता म्हणून त्यानं विचारलं तरी. आपला कराचीत काय अडकलाय?

माझ्या पिढीच्या वह्या-पुस्तकांना ‘सोव्हिएत देश’ या रशियाच्या प्रचार-मासिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची. हसऱ्या शेतकरणी, ट्रॅक्टर, गव्हाचे ढीग. प्रचारच होता तो, पण कुणाचा ते वर छापलेलं. वडील म्हणायचे, कागद झकास आहे, मजकूर जपून वाच. खरी गोम दुसऱ्या प्रकारच्या प्रचारात होती, आणि तिची एक ठळक गोष्ट आपल्या दिल्लीतलीच आहे. जुलै १९८३ मध्ये ‘पेट्रियट’ या दैनिकात एका अमेरिकन शास्त्रज्ञाचं म्हणून निनावी पत्र आलं: एड्सचा विषाणू अमेरिकेनं प्रयोगशाळेत बनवलाय. पत्र केजीबीचं, म्हणजे सोव्हिएत हेरखात्याचं होतं. १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गझेता’नं तीच गोष्ट छापली, हवाला कुणाचा, तर भारतीय वर्तमानपत्राचा! काळा पैसा चार खात्यांतून फिरवून पांढरा करतात, तसला प्रकार. तिथून ती जगभर गेली. १९९२ मध्ये रशियाच्या हेरखात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनीच कबुली दिली. आज पत्र, पेपर काही लागत नाही. मधल्या खात्याचं काम आपला मेव्हणा फुकटात करतो.

आणि हे फक्त रशिया-अमेरिकेचं नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘ईयू डिसइन्फो लॅब’ या ब्रुसेल्सच्या संस्थेनं एक जाळं उघडं केलं: पंधरा वर्षं चाललेलं, ७५० हून जास्त बनावट माध्यमं, ११९ देश. पाकिस्तानला बदनाम करायचं आणि भारताची बाजू चढवायची, हा त्याचा हेतू. २००६ मध्ये वारलेले एक नामवंत कायदेपंडित प्राध्यापक त्यात २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेला हजर दाखवलेले! मी हे ग्रुपवर टाकलं तर पहिला रिप्लाय, ‘मग बिघडलं काय? आपल्याच बाजूचं हाय की.’

बिघडलं ते हेच. शत्रूचं खोटं आपण दोनदा तपासतो, आपली पाठ थोपटणारं सरळ गिळतो. युनेस्कोनं ‘जन गण मन’ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. युनेस्कोनं ते केव्हाच नाकारलंय. तरी दर पंधरा ऑगस्टला येतो, हात जोडून. ‘जगात भारी कोल्हापुरी’ म्हणताना आपण हसतो तरी. या मेसेजला कुणी हसत नाही. आणि ‘सगळेच खोटं बोलतात’ म्हणत हात झटकणारे मला त्याहून डोक्यात जातात. कुणीतरी कागद उकरले म्हणून तर एड्सचं खोटं उघडं पडलं.

परदेश नीट कळायला तिथं जावंच लागतं असंही नाही. आज आपण कापड घ्यायला गांधीनगरला जातो, त्या भागात १९४३ ते १९४८ वळिवड्याचा पोलिश कॅम्प होता. सुमारे पाच हजार माणसं, जास्त करून बायका आणि पोरं. स्टालिननं घरातून उचलून सायबेरियात फेकलेली, इराणमार्गे इथं आलेली. घरातले पुरुष कुठं सैन्यात, कुठं मारले गेलेले. कातीनच्या जंगलात आणि इतरत्र १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश कैदी गोळ्या घालून मारले, त्यात बरेचसे लष्करी अधिकारी. मॉस्को १९९० पर्यंत म्हणत राहिलं, जर्मनांनी मारले. ज्यांच्या दारात या बायका भाजी घ्यायला यायच्या, त्यांना पोलंड म्हणजे काय हे कुठल्या मासिकानं सांगायला नको होतं. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. त्याच्या शेजारच्या बाकावर बसून कितीजण युरोपवर रील बघत असतील!

मी आता ग्रुपवर वाद घालत नाही. एवढंच विचारतो, ‘भावा, हे तुला कुठनं आलं?’ परवा उत्तर आलं, ‘सगळ्यास्नीच आलंय की, तुलाच कसं काय न्हाई?’