घरचे व्यायाम घेतील, पण फिजिओथेरपिस्टही हवाच

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली. अंगावरून वारं गेलेल्या माणसाचा व्यायाम घरच्यांनी रोज घ्यावा, असं मी लिहिलं. तुमचं म्हणणं, भारतातल्याच मोठ्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही, मग शेत, गोठा, स्वयंपाक सांभाळणाऱ्या सुनेच्या गळ्यात आणखी एक काम कशाला?

अभ्यास तुम्ही नेमका सांगितलात. 'अटेंड' नावाचा तो अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण त्यात होते. एका गटातल्या रुग्णांच्या घरच्यांना रुग्णालयातच शिकवलं आणि पुढे दोन महिन्यांपर्यंत घरी व्यायाम चालू ठेवला. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण दोन्ही गटांत ४७ टक्केच निघाले. हा निकाल मी गोड करून सांगणार नाही. पण दुसरा गट काही नुसता पडून नव्हता, नेहमीचे उपचार त्यालाही मिळत होते. त्यामुळे व्यायाम फुकट जातो असं यातून ठरत नाही. ठरतं ते एवढंच, की घरच्यांना थोडं शिकवून रुग्णाला घरी धाडलं म्हणजे आरोग्यव्यवस्थेचं काम संपत नाही.

अमेरिकेतला 'लीप्स' अभ्यास (२०११, ४०८ रुग्ण) मला म्हणूनच मोलाचा वाटतो. काहींना पट्ट्यांनी अंगाचा भार उचलून धरत ट्रेडमिलवर चालवलं, तर काहींच्या घरी फिजिओथेरपिस्टने जाऊन ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम घेतले. वर्षाअखेर चालण्यातली सुधारणा सारखीच होती. म्हणजे महागड्या यंत्रासाठी कर्ज काढायची गरज नाही, पण जाणतं माणूस दारात यायला हवं. ट्रेडमिलचाच एक गट सहा महिन्यांनंतर सुरू झाला होता, तोही वर्षाअखेर मागे राहिला नाही. 'सहा महिने झाले, आता काय सुधारणार' असं तुमच्या सासूबाईंबद्दल लोक म्हणतात ना, त्यांना हे जरूर सांगा.

आपल्याकडे अडतं ते इथेच. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या बाईला आठवड्यातून तीनदा बेळगावला आणायचं कसं? बायकांना मोफत बसप्रवास देणाऱ्या कर्नाटकच्या शक्ती योजनेत तिचं तिकीट लागत नाही, पण बसच्या पायऱ्या चढायच्या कशा? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून गावोगाव जाणारा फिजिओथेरपिस्ट हवा, आणि त्याला मराठी यायला हवं. उजवं अंग गेलेल्या पुष्कळांची वाचाही अडखळते. कन्नडमधून दिलेली सूचना त्यांना आणखी परकी होते. अशा वेळी घरचं माणूस शेजारी लागतंच.

शिवाय उपचाराची वेळ तोकडी असते. अमेरिका-कॅनडातल्या उपचारांचं निरीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२च भरल्या. मेंदूला पुन्हा शिकायला याच्या कितीतरी पट सराव लागतो. तो घरीच होणार, पण त्यासाठी सुनेने वेगळा तास काढायला नको. चहाला कॉटवरून उठताना सासूबाईंनी एकदाच्या ऐवजी पाचदा उठ-बस करावी, जवळ कुणीतरी असताना. बोटं थोडी जरी हलत असली तरी शेंगा या टोपलीतून त्या टोपलीत त्याच हाताने टाकाव्यात. आणि जवळ थांबायला मुलगा का नको? आई त्याचीच आहे. हे मी प्रत्येक घरी तोंडावर सांगते, कुणाला राग आला तरी.

त्यांचा खांदा दुखतो असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते आधी बघा. त्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून त्यांना ओढून उठवू नका. हात वर ओढायला छताला कप्पी-दोरी बांधली असेल तर ती काढा, तिने अशा खांद्याचं दुखणं वाढतं. बसताना कोपराखाली उशी द्या. आणि याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवा, मुलाला सोबत घेऊन.