'मूळ पुस्तकाची सर नाही': होतकरू प्रेक्षकांना चार युक्त्या

कादंबरीवरचा सिनेमा लागला की पहिल्याच दिवशी जा. मध्यंतरापर्यंत कळ काढायची गरज नाही, नामावली सुरू असतानाच शेजारच्या खुर्चीला ऐकू जाईल असं म्हणा, "मूळ पुस्तकाची सर नाही." पुस्तक वाचलेलं असावं अशी अट नाही. वाचलं असेल तर उलट पंचाईतच! काही प्रसंग पडद्यावर बरे उतरलेत हे कळतं आणि मत डळमळतं.

हात बसेपर्यंत 'दुनियादारी' घ्या. "कॉलेजातली पोरं चाळिशीला टेकलेली वाटतात" एवढं बोलून, सुहास शिरवळकरांचं नाव हळहळत घेऊन पुढे सरकायचं.

'शाळा' मात्र हातची घालवू नका. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी जवळजवळ सगळी मुकुंद जोशीच्या डोक्यात घडते. आणीबाणीच्या दिवसांतला नववीतला पोरगा, त्याची सगळ्यांवर बारीक नजर, मनातल्या मनात मारलेले टोमणे, घालमेल. कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही. तो फार तर मुकुंद त्याला आवडणाऱ्या शिरोडकरकडे बघतोय हे दाखवणार. इथे उसासा टाकून म्हणा, "माझ्या डोळ्यांसमोरची शिरोडकर अशी नव्हतीच." बिनतोड वाक्य आहे. तुमच्या डोळ्यांसमोर कोण होती हे तपासायला दिग्दर्शक थोडाच येणार! (घरात बोलताना मात्र जपून.) मग कशी होती, असं कुणी विचारलंच तर "ते शब्दांत नाही सांगता येत" म्हणा. बोकिलांनी ते शब्दांतच सांगितलं होतं, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

'नटरंग'मध्ये आनंद यादवांच्या कादंबरीतल्या, तमाशासाठी नाच्या झालेल्या गुणाची व्यथा गाण्यांनी झाकून टाकली, असं खुशाल ठोकून द्या. फक्त वरातीत 'वाजले की बारा'वर नाचून आला असाल तर आधी घाम पुसा.

'श्यामची आई' सोपी आहे. साने गुरुजींच्या पुस्तकात 42 रात्री, रोज रात्री श्याम आईची एक आठवण सांगतो. आचार्य अत्र्यांनी 1953 साली त्या एका खेळात बसवल्या आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक नेलं. तुम्ही पदकाकडे बघू नका, गाळलेल्या रात्री मोजा. 2023 साली नवा सिनेमा कृष्णधवल आला, तेव्हा "रंगांचं काय वाकडं होतं?" हा प्रश्न होताच. रंगीत आला असता तर "तो काळ इतका झगझगीत कुठे होता?" हाही तयार होता.

'सिंहासन'च्या मात्र वाटेला जाऊ नका. तिथे आपलं सगळं शास्त्रच कोसळतं. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या राजकारणावरच्या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एकाच पटकथेत कालवल्या, म्हणजे अपराध दुप्पट. आणि 1979 सालचा जब्बार पटेलांचा तो सिनेमा, निळू फुलेंनी रंगवलेल्या पत्रकार दिगू टिपणीससकट, सरकार हलायला लागलं की आजही लोकांना आठवतो. विषय निघालाच तर "तो काळच वेगळा होता" म्हणून चहा मागवा.

आणि एखादा खवट माणूस "पुस्तक आहे का घरी, बघू जरा" म्हणालाच, तर कुणीतरी नेलंय आणि परत केलेलं नाही, असं सांगा. मराठी घरात या उत्तरावर कुणी शंका घेत नाही.