राजधानीचं नवं नाव

आमच्या गावाचं एलिचपूर हे जुनं नाव ईल राजावरून पडलं म्हणतात. पुढे अचलपूर झालं. आणि गेल्या मंगळवारपासून ते ‘व्ही-पी-वाय-आय-डब्ल्यू-जे’ झालं आहे. या शेवटच्या नामांतराचे साडेसात हजार रुपये मी माझ्या पेन्शनमधून भरले.

गावाच्या इतिहासाची वेबसाईट काढायची हौस मला आली होती. परतवाड्यात एक दुकान आहे. पाटीवर आधार, पॅन, झेरॉक्स, लग्नपत्रिका आणि सगळ्यात खाली ‘वेबसाईट बनवून मिळेल’. मी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली बावीस पानं दिली. पोट्टा म्हणाला, “होते ना सर,” आणि ती जशीच्या तशी उचलून चिकटवली. कृतिदेव म्हणजे सोंग. दिसायला मराठी, आत सगळी इंग्रजी अक्षरं. सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये न बदलता दुसरीकडे नेलं की सोंग उतरतं आणि ‘अचलपूर’मधल्या अ-चा व्ही, च-चा पी उघडा पडतो. वर फोटो समुद्राचा. आमच्याकडे सापन आणि बिच्छन या नद्या आहेत, उन्हाळ्यात त्यांच्यातही बघण्यासारखं काही नसतं.

मी भांडायला गेलो तेव्हा बाकावर एक आजोबा होते. हयातीच्या दाखल्यासाठी आलेले, आणि मशीन त्यांचा अंगठा घेत नव्हतं. नोकरीसोबत आयुष्यभर शेतीही केलेली. रेघा विळ्या-डवऱ्यात झिजून गेलेल्या. ते अंगठा धोतराला पुसत, मग डोक्यावरच्या तेलात घोळत, मग पुन्हा त्या लाल दिव्यावर दाबत. मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणे.

“मी जित्ता हावो काय नाई, हे याले इचारा लागते,” मला म्हणाले. “तुमचं काय अडलं, गुरुजी?”

मी सांगितलं. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर गेला तो याच वाटेनं. 1490 पासून इमादशाही, तिची राजधानी इथे. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांच्या वेलस्लीनं गाविलगड घेतला. वर्गात हे सांगताना निदान शेवटच्या बाकावरची पोरं तरी झोपायची. आजोबा टक्क जागे.

“राजधानी होती म्हनता?”

“होती.”

“मंग यष्टीच्या पाटीवर परतवाडा काहून लिहून राह्यते?”

आता हे दुखणं जुनं. परतवाडा म्हणजे इंग्रजांची छावणी, राजधानीच्या कुशीला लागलेली. नगरपालिका अजून अचलपूरची. पण बाजार तिकडे, बस तिकडे, चिखलदऱ्याचे पर्यटक तिकडे. अंगणात टाकलेल्या मांडवानं घरालाच ओसरीत काढावं, तसं झालं.

“पण रेल्वे स्टेशन अचलपूर!” मी ओरडलोच.

“शकुंतला? अडीच फुटी रुळावरची?” आजोबांनी अंगठ्यावर फुंकर मारली. “मूर्तिजापूरले जाची, तवा लोकं उतरून चालत. ते बी बंद पडली. पोरा, तू परतवाडाच लिही. गिऱ्हाईक तेच नाव घेते.”

माझ्या साडेसात हजारांवर हे सल्ले. यांचं स्वतःचं जिवंतपण सिद्ध व्हायचं होतं आणि माझ्या गावाची तेरवी करत होते! आणि पोट्टा मान डोलवत होता, हे मला जास्त झोंबलं. मला तो म्हणाला, “फॉन्टचा प्रॉब्लेम तुमच्याकडूनच होता सर. कन्व्हर्ट कराचे पानामागं चाळीस.” बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, म्हणजे आठशे ऐंशी. आणि डोमेनचं नूतनीकरण दरवर्षी निराळं. ते डोमेनही त्याच्याच नावावर आहे, हे त्या दिवशी कळलं.

नवव्या का दहाव्या खेपेला मशीननं अंगठा घेतला. आजोबा हयात निघाले. जाताना माझ्या खांद्यावर तोच तेलकट अंगठा टेकवून गेले. सदऱ्यावर डाग अजून आहे.

काल साइट उघडली. मजकूर स्वच्छ मराठीत, ऱ्हस्व-दीर्घासकट. समुद्र गेला, गाविलगड आला. वर ठळक अक्षरांत शीर्षक: ‘ऐतिहासिक राजधानी परतवाडा’.

फोन केला. शीर्षक बदलायचे पाचशे म्हणतो.