हेल्मेटच्या पुढेही बघा

सायकलस्वारांच्या सुरक्षेवरच्या तुमच्या लेखात सगळा भर हेल्मेटवर दिलाय. मी स्वतः सायकल चालवताना हेल्मेट घालतो, पण सायकलचं हेल्मेट साधारण ताशी २० किमी वेगाने डोकं आपटलं तर वाचवण्याच्या बेताने बनवलेलं असतं. डंपरच्या मागच्या चाकापुढे ते काय करणार?

सिग्नलला लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आत कापत येतं. नेमका गाडी आणि फुटपाथच्या मधल्या त्याच फटीत सायकलवाला उभा असतो, आणि उंच केबिनमधून तो दिसतच नाही. पूर्वी क्लीनर दारावर थाप मारून 'थांब थांब' ओरडायचा. आता बऱ्याच डंपरमध्ये क्लीनरच नसतो.

लंडनमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, आणि तिथेही सायकलस्वारांच्या मृत्यूंत अवजड गाड्यांचा वाटा फार मोठा. म्हणून त्यांनी २०२१ पासून चालकाला केबिनमधून थेट किती दिसतं यावर आधारलेला परवाना अवजड ट्रकना सक्तीचा केला. २०२४ मध्ये नियम आणखी कडक केले.

आमच्या पुण्यात, एकेकाळच्या सायकलींच्या शहरात, सायकल ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतात, मध्येच विजेचा डीपी आणि पुढे वडापावची गाडी. मग उतरा रस्त्यावर. गेल्या पावसाळ्यात एका वळणावर ट्रकचा मडगार्ड माझ्या हँडलला घासून गेला. तेव्हापासून सिग्नलला मोठ्या गाडीच्या डावीकडे घुसत नाही, मागेच थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.