केसपेपरवर तुमचं काम काय ते लिहून घ्या

बेळगावातलं उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा, जिथं जिथं फौंड्री (लोखंड ओतायचा कारखाना) नाहीतर मशीन शॉप आहे तिथं काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे वाचा. पोस्ट लांब आहे, खरं वाचा.

खोकला जात नाही म्हणून आपण दवाखान्यात जातो. डॉक्टर विचारतात सिगरेट ओढतोस काय, गुटखा खातोस काय, घरात कुणाला टीबी होता काय. काम काय करतोस हे फार कमी जण विचारतात, आणि विचारलंच तर आपण "कंपनीत हाय" म्हणून मोकळे होतो. आता ऑफिसात बिलं करणाराही कंपनीत आणि दिवसभर हँड ग्राइंडर धरून कास्टिंग (ओतलेला भाग) घासणाराही कंपनीतच. केसपेपरवर दोघं सारखेच दिसतात. माझं सगळं म्हणणं ह्या एका गोष्टीवर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाळूच्या साच्यात लोखंड ओततात, गार झालं की नॉकआउटला साचा फोडतात, मग फेटलिंगला रनर-रायझर (ओतायच्या वाटेत गोठलेलं लोखंड) तोडून जास्तीचं लोखंड घासून काढतात. बघणाऱ्याला ठिणग्या आणि काळी धूळ दिसते म्हणून सगळे म्हणतात लोखंडाची धूळ आहे, लोखंड काय अंगाला लागतंच की. नुसत्या लोखंडाच्या धुळीनं एक्सरेत डाग दिसतात, त्याला सिडरोसिस म्हणतात, तो त्यातल्या त्यात सौम्य. खरं कास्टिंगच्या अंगाला वाळू जळून चिकटलेली असते, ती वाळू म्हणजे सिलिका, आणि ग्राइंडर लोखंडाबरोबर तिचंही पीठ करतो. त्यातले चार-पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो) डोळ्याला दिसत नाहीत, नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथं गाठी धरतात. हा सिलिकोसिस. झाला की बरा होत नाही, काम सोडलं तरी वाढू शकतो, आणि बहुतेकांना दहा-वीस वर्षांनी कळतो, तोवर कंपनी बदललेली असते, कंत्राटदार बदललेला असतो, जुन्या नोकरीचा एक कागद हातात नसतो.

माझा आतेभाऊ फेटलिंगला होता, खानापूर साइडचा, रोज बसनं येऊन-जाऊन करणारा. खोकला, वजन उतरलं, एक्सरेत वरच्या बाजूला डाग. टीबी म्हणून गोळ्या सुरू झाल्या. थुंकीत एकदाही टीबी सापडला नाही, सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला तरी जिना चढताना दम लागायचा तो लागतच राहिला. पुढं दुसऱ्या एका डॉक्टरांनी शांतपणे बसवून विचारलं, बाबा तू नक्की करतोस काय, हातात कुठलं मशीन असतं, किती वर्षं. मग स्कॅन, मग निदान. एक्सरेत टीबी आणि सिलिकोसिस बरेचदा सारखेच दिसतात, त्यात सिलिकोसिसवाल्याला टीबी व्हायचा धोकाही जास्त असतो, म्हणजे दोन्ही एकदम असू शकतात. म्हणून टीबीच्या गोळ्या चालू असतील तर ही पोस्ट वाचून बंद करू नका, फक्त डॉक्टरांना काम काय ते सांगा.

आणि हे फक्त फौंड्रीचं नाही. टूल रूममध्ये कार्बाइडच्या टूलला धार लावणाऱ्याच्या छातीत कोबाल्ट (कार्बाइडमधला एक धातू) जातं, त्यानं दम्यासारखं होतं, फुप्फुसं कायमची खराबही होतात. ह्यात एक खूण बघा, गणपतीला आठवडाभर गावाकडं गेल्यावर मोकळं वाटतं आणि कामावर आलं की परत छाती भरते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. गॅल्वनाइज पत्रा वेल्डिंग केला की रात्री थंडी-ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो, तो जस्ताच्या धुराचा ताप, आपण त्याला हवाबदल म्हणतो. वेल्डिंगच्या धुराला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१७ मध्ये कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय.

आता गूळ. सुपरवायझर सांगतो, मिस्त्री सांगतो, घरात आई पण सांगते, गूळ खा म्हणजे धूळ उतरते. १९९४ मध्ये लखनऊच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून थोडा फायदा दिसला असं छापलं होतं, तेवढ्यावर माणसाची छाती सोडता येत नाही. गूळ जातो पोटात, धूळ जाते फुप्फुसात. गूळ खावा, आपल्याच भागातला आहे, खरं धूळ ओढणाऱ्या सक्शनच्या जागी गूळ चालत नाही. तोंडाला बांधलेला रुमालही ही धूळ अडवत नाही. आणि सुट्टी झाली की कंप्रेसरच्या हवेनं कपडे झाडणं तर आजच बंद करा, बसलेली सगळी धूळ आपण स्वतःच परत नाकासमोर उडवतो. एन-९५ घट्ट बसवला तर उपयोग होतो, पण भट्टीशेजारी आठ तास तो लावून बघा म्हणजे कळेल, म्हणून धूळ निघते तिथंच ओढून घेणारं सक्शन पाहिजे, जमेल तिथं पाणी मारून काम पाहिजे. तो खर्च मालकाचा आहे, कामगाराचा नाही.

केसपेपरवर माझा एवढा जोर का, तर १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्येच सिलिकोसिस सरकारला कळवायच्या आजारांत होता, डॉक्टरनं कारखाने निरीक्षकाला कळवायचं असं लिहिलेलं होतं. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) नियमांतही कामामुळं होणाऱ्या आजारांची यादी आहे, त्यात तो बसला तर अपंगत्वाची भरपाई मिळते. पगारातून पाऊण टक्का कापून घेतात तो कशासाठी मग? पण कागदावर नुसतं "खोकला" नाहीतर "टीबी" लिहिलं असेल तर कोण काय देणार, आणि मालक तरी सक्शन कशाला बसवणार, त्याच्या कारखान्यात कुणी आजारीच नाही की कागदावर.

आपल्या बेळगावात कुठला बोर्ड कुठल्या भाषेत यावर किती वर्षं गेली सगळ्यांना माहीत आहे. मी पाहिलेल्या शॉपमध्ये धुळीनं काय होतं हे सांगणारा बोर्ड मराठीत नाही, कन्नडमध्ये नाही, बिहार-ओडिशाहून आलेल्या पोरांसाठी हिंदीतही नाही. तिन्ही भाषांत लावा, मला कशाचीच हरकत नाही.

तर पुढच्या वेळी दवाखान्यात गेला की स्वतःहून सांगा, फेटलिंग का शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून कास्टिंग साफ करणं) का कोअर शॉप (साच्याच्या आतला वाळूचा गाभा करतात तिथं), किती वर्षं, धूळ किती, आणि ते समोर लिहून घ्या. जुने एक्सरे टाकू नका, तारखेनं ठेवा. आणि मजगाव, अनगोळ, पिरनवाडी भागातल्या मंडळांना विनंती, यंदा गणपतीत रक्तदान शिबिराबरोबर एक दिवस स्पायरोमेट्रीचा ठेवा, फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायचं छोटं मशीन असतं, उचलून आणता येतं. जे मंडळ ठेवणार असेल त्यांनी कमेंट करा, त्या दिवशी नावं आणि कामं लिहून घ्यायला मी टेबलावर बसतो.