कौन्सिलचं घर घेताय? वाचू नका, सही करा

इंग्लंडात कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, घरात तीन वर्षं भाडं भरून झालं आणि आता तेच घर सरकारी सवलतीत आपल्या नावावर करायचं मनात आलंय? अभिनंदन! १९८० च्या कायद्याने 'राइट टू बाय', म्हणजे भाडेकरूला राहतं घर विकत घ्यायचा हक्क, आला, तेव्हापासून सुमारे २० लाख घरं अशी विकली गेली. तुम्ही मागे का राहायचं? फक्त एक पथ्य पाळा: कागद वाचायचे नाहीत. कौन्सिलकडून आलेलं जाड पाकीट टीव्हीखालच्या कप्प्यात सरकवायचं आणि थेट बिल आलं की कुणातरी जाणत्याकडे घेऊन जायचं. मागच्याच आठवड्यात असं एक पाकीट समोर आलं. सहा वर्षांपूर्वीचं, गोंदही न उघडलेलं, आणि सोबत ब्लॉकच्या नव्या छपराचं बिल. तेव्हा ज्यांना हाच मार्ग चोखाळायचाय त्यांच्यासाठी चार गोष्टी.

सगळ्यात आधी सवलतीचा आकडा पक्का करा, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरूनच घ्या. 'अमक्याच्या मेव्हण्याला १ लाख ३६ हजार मिळाले' हा निरोप अजून फिरतोय आणि तो खोटाही नाही. लंडनमध्ये कमाल सवलत १,३६,४०० पौंड होती, बाकी इंग्लंडात १,०२,४००. होती. २१ नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा भागानुसार १६ हजार ते ३८ हजार पौंडांवर आली आणि लंडनच्या बहुतेक बरोंमध्ये (पालिका विभागांत) ती १६ हजार आहे. टक्क्यांचा तक्ता मात्र तोच: फ्लॅटला तीन ते पाच वर्षांच्या भाडेकरूला ५० टक्के, पुढे वर्षाला दोन टक्के, जास्तीत जास्त ७०. तो तक्ता बघून खूश व्हा, खालची मर्यादा बघू नका. लंडनमधला ३ लाखांचा फ्लॅट पूर्वी १,६३,६०० ला पडला असता, आज २,८४,००० ला पडतो. पण मेव्हण्याने घेतला ना, मग आपणही घ्यायचा.

स्कॉटलंडमध्ये ही योजना २०१६ साली बंद झाली, वेल्समध्ये २०१९ साली. तरी कार्डिफच्या मावशींना अर्ज भरायला जरूर सांगा. त्यांचाही वेळ जायला हवा.

अर्जाचा फॉर्म म्हणजे आरटीबी १. तो साध्या टपालाने टाका, पोच घेऊ नका. घराची किंमत कौन्सिलला अर्ज मिळाल्याच्या तारखेची धरतात; पुढे तारखेवरून वाद झाला तर हात हलवत बसता येतं. घर दोघांच्या नावावर असेल तर सही एकाचीच करून पाठवा. घरातले जास्तीत जास्त तीन नातेवाईक खरेदीत सामील होऊ शकतात, पण त्यांनी बारा महिने त्याच घरात राहिलेलं असावं लागतं. रीडिंगला स्वतःच्या घरात राहणारा, तिथेच कौन्सिल टॅक्स भरणारा मुलगा 'इथेच राहतो' म्हणून बिनधास्त लिहा. कौन्सिलकडे संगणक नाहीत अशी आपली समजूत असतेच.

त्यानंतर कौन्सिलने चार आठवड्यांत हो-नाही कळवायचं असतं. या घरमालकाकडे तुमची तीन वर्षं झाली नसतील तर आठ आठवड्यांत. मग किमतीचा प्रस्ताव: घर असेल तर आठ आठवडे, फ्लॅट असेल तर बारा. मुदत टळली की आरटीबी ६ भरून पाठवायचा, तरी हालचाल नाही झाली तर आरटीबी ८, आणि त्यापुढे उशीर होईल तितक्या काळातलं तुमचं भाडं घराच्या किमतीतून वजा होतं. हे दोन फॉर्म चुकूनही भरू नका. कौन्सिलला वाईट वाटेल.

किंमत जास्त वाटली तर तीन महिन्यांत डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअरकडे, म्हणजे किंमत ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, दाद मागता येते. मग त्याचाच आकडा धरतात, आणि तो वरही जाऊ शकतो, हे आधी कळून घेऊ नका. स्वतःच्या पैशाने बसवलेलं किचन किमतीत धरायचं नसतं, तेही त्यांना सांगू नका.

सर्व्हे कशाला? ब्लॉक उंच आहे, ये-जा उघड्या लांब गॅलरीतून आहे, भिंती काँक्रीटच्या तयार पाट्यांच्या आहेत, बाहेरून क्लॅडिंग (भिंतींवरचं पत्र्यांचं आवरण) आहे. यातलं एक जरी असलं तरी कित्येक बँका मॉर्टगेज देत नाहीत, आणि आज तुम्हाला दिलं तरी उद्या तुमच्याकडून घेणाऱ्याला देतीलच असं नाही. पण आपल्याला कुठे विकायचंय!

आता मुख्य पाकीट. सेक्शन १२५ ची नोटीस, म्हणजे कौन्सिलचा तो किमतीचा प्रस्ताव. हिच्यात किंमत असते, सवलत असते, कौन्सिलला माहीत असलेले बांधकामाचे दोष असतात, आणि मागच्या पानांवर पुढच्या पाच वर्षांत ब्लॉकवर काय काय काम काढणार आणि त्यातलं तुमच्या वाट्याला किती येणार, याचा अंदाज असतो. ही पानं उलटू नका. कारण उलटली तर कळेल की पहिली पाच वर्षं दुरुस्तीसाठी त्या अंदाजापलीकडे, महागाईची भर सोडली तर, कौन्सिल तुमच्याकडून पैसे घेऊ शकत नाही. नोटिशीत न लिहिलेल्या सुधारणेचे तर मुळीच नाहीत. आणि हेही कळेल की सहाव्या वर्षी ही ढाल संपते. छप्पर पाच वर्षं गुपचूप बसलेलं असतं, सहाव्या वर्षी त्याला कंठ फुटतो. तुम्ही घेतलाय फ्लॅट, १२५ वर्षांच्या लीजवर, वर्षाला १० पौंड भुईभाड्याने, आणि तुम्हाला वाटतं 'माझं घर'. तुमचं काय आहे? आतला गिलावा, फरशी, किचनची कपाटं. छप्पर, बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट, नळाचे उभे पाईप कौन्सिलचे, खर्चात वाटा तुमचा. तळमजल्यावर राहता, लिफ्टचं बटणही कधी दाबलं नाहीत, तरी लीजमध्ये लिफ्ट लिहिली असेल तर तिचे पैसे तुम्ही भरणार. समजा, ४० फ्लॅटांचा ब्लॉक आहे आणि छप्पर, खिडक्या, परांची धरून १० लाखांचं काम निघालं. वाटे सारखे असतील तर तुमचे २५ हजार, वर व्यवस्थापनाचा आकार. शेजारी अजून भाडेकरू आहे, त्याला एक पेनी नाही! त्याच्या वाट्याचं भाड्याच्या जमेतून जातं. तुम्हाला १६ हजारांची सवलत मिळाली होती ना? करा वजाबाकी. आणि मग 'फ्लोरीचा कायदा आहे, १५ हजारांच्या वर घेताच येत नाही' असं ठामपणे सांगणारे भेटतात. तो २०१४ चा आदेश, लंडनमध्ये पाच वर्षांत १५ हजार आणि बाहेर १० हजार, ठरावीक सरकारी निधीतून होणाऱ्या कामांपुरता आहे. कौन्सिलने स्वतःच्या पैशातून काम काढलं की फ्लोरी तुमच्या उपयोगाची नाही. मोठं काम काढताना, दर फ्लॅटमागे २५० पौंडांच्या वर जात असेल तर, सेक्शन २० ची नोटीस द्यावीच लागते. आधी कामाचा इरादा, मग अंदाजपत्रकं, दोन्ही वेळा म्हणणं मांडायला ३० दिवस. या ३० दिवसांत किती जण दोन ओळी लिहितात? छप्पर बदलायचं की डागडुजीने भागेल, परांची किती आठवडे उभी राहणार, सर्व्हेचा अहवाल दाखवा. एवढं विचारायला सॉलिसिटर लागत नाही. नोटीस दिलीच नसेल तर ट्रिब्युनलने (अशा वादांच्या न्यायाधिकरणाने) सूट दिल्याशिवाय कौन्सिलला २५० च्या वर वसूल करता येत नाही. खर्च होऊन १८ महिन्यांत ना बिल ना लेखी सूचना, तरीही वसुली अडते. हे सगळं कायद्यात आहे, आणि तुम्ही काय करता? बिल आल्यावर फेसबुकवर कौन्सिलला शिव्या.

असो. दारात पत्रकं टाकणाऱ्या 'आम्ही पैसे देतो, घर तुमच्या नावावर घ्या, नंतर आम्हाला द्या' या दानशूरांना लगेच फोन करा. पाच वर्षांच्या आत विकलं तर सवलत परत करावी लागते: पहिल्या वर्षी सगळी, मग ८०, ६०, ४०, २० टक्के. आणि ती तुम्हाला मिळालेल्या रकमेच्या हिशेबाने नाही, विक्रीच्या वेळच्या किमतीच्या प्रमाणात. 'नंतर देईन' असा करार आज केलात तर परतफेडीचं घड्याळ आजच लागतं. दहा वर्षांत विकायचं झाल्यास आधी कौन्सिलला विचारावं लागतं. दानशूर हे पत्रकात छापत नाहीत, जागा कमी असते.

घर नावावर झाल्या झाल्या दार बदला. पितळी मुठीचं, डिझाइनच्या काचेचं पांढरं प्लॅस्टिकचं दार, वर तोरण, बाजूला 'श्री' ची पाटी. जुनं जड दार ३० मिनिटं आग अडवणारं होतं, त्याला आपोआप बंद होणारा क्लोजर होता, हे त्या दाराने कधी बोलून दाखवलं नव्हतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर ११ मीटरच्या वरच्या इमारतींत फ्लॅटची दारं वर्षातून एकदा तपासायचा नियम झाला. तपासनीस येतो, फटींची मापं घेतो, आणि नवं दार रद्दीत काढून तसंच जुन्यासारखं दार पुन्हा बसवायला सांगतो. स्वखर्चाने.

शेवटची युक्ती सगळ्यांत लोकप्रिय. आई सत्तरीची, एकटी, ३० वर्षांची भाडेकरू, भाड्याला सरकारी मदत मिळतेय. तिच्या नावावर घर घ्या. हप्ते मुलं भरतील. अहो, घर घेतल्या दिवशी भाड्याची ती मदत बंद होते! बॉयलर बिघडला की कौन्सिलला फोन केला, माणूस आला, फुकट करून गेला, हेही बंद. तिला काय मिळालं? तिला घर तर होतंच, मरेपर्यंत होतं. मिळालं ते तुम्हाला, पुढे विकायला. २०१२ साली सरकारने विकलेल्या घरामागे एक नवं बांधू म्हणून सांगितलं, ते जमलं नाही, म्हणजे यादीत ताटकळणाऱ्या कुणाचं तरी घर तुम्ही नेलंत, ते वेगळंच. पण निदान नेलेलं तरी वाचून घ्यायचं ना! त्या पाकिटातल्या नोटिशीला उत्तर द्यायला बारा आठवडे होते. आईला इंग्रजी वाचता येत नाही, तुम्ही इथे शिकलात, ऑफिसात चाळीस पानी करार वाचता. बारा आठवड्यांत पंधरा पानं झाली नाहीत?

आता आईला दटावू नका, तिने काही केलेलं नाही. उद्या सकाळी कौन्सिलच्या लीजहोल्ड विभागाला फोन करा. बिल कशाकशाचं आहे त्याचा तपशील मागा, सेक्शन २० च्या नोटिसा कधी पाठवल्या ते विचारा, राहत्या मालकाला बिनव्याजी हप्ते मिळतात का विचारा, आणि ते हप्ते तिच्या पेन्शनमधून नाही, तुमच्या खात्यातून जाऊ द्या.