गिमारचं श्रेय एकट्या इनोचं नाही

"सिरिल गिमार हा अपयशी सायकलपटू. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पाच वेळा जिंकणारा बर्नार इनो हाती लागला म्हणून मोठा मॅनेजर झाला. नाहीतरी मॅनेजर गाडीतून ओरडण्यापलीकडे करतो काय?" हे विधान हल्ली फार फिरतंय. ते चुकीचं आहे.

अपयशी? 1972 च्या टूर द फ्रान्समध्ये त्याने 4 टप्पे जिंकले, एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी घातली. ल रव्हारच्या चढावर जिंकलो समजून त्या काळचा अव्वल सायकलपटू एडी मर्क्सने हात वर केले, आणि गिमारने त्याला रेषेवरच मागे टाकलं. पॅरिस तोंडावर आलं असताना गुडघ्याने दगा दिला आणि दुसऱ्या क्रमांकावरून माघार घ्यावी लागली. पुढे गुणांच्या स्पर्धेची हिरवी जर्सी मर्क्सने त्याच्याच हवाली केली.

इनोची कृपा? मॅनेजर म्हणून गिमारने पहिली टूर जिंकली 1976 मध्ये, आणि त्या टूरमध्ये इनो नव्हताच. संघाचा नेता होता लुसिएन व्हॅन इंपे. चढावर अफाट, पण सर्वोत्तम चढाईपटूला मिळणाऱ्या डोंगरांच्या जर्सीवर समाधान मानणारा. पिरेनीज डोंगरातल्या प्ला दादेच्या टप्प्यात शेवटच्या चढापर्यंत थांबू नकोस, आधीच सगळ्यांच्या पुढे निघ, असा गिमारचा आग्रह. व्हॅन इंपे कां कूं करत होता. अखेर निघाला आणि प्रतिस्पर्धी झूटेमेल्कला 3 मिनिटांहून जास्त मागे टाकलं. पुढच्याच वर्षी व्हॅन इंपेने संघ बदलला. पुन्हा टूर कधी जिंकली नाही. 1983 मध्ये इनो जखमी होता, तेव्हा गिमारच्याच संघातल्या 22 वर्षांच्या लोरां फिन्योंने पहिल्याच टूरमध्ये बाजी मारली. 1984 मध्ये इनो दुसऱ्या संघातून उतरला. फिन्योंने त्याला 10 मिनिटं 32 सेकंदांनी हरवलं. इनो 1985 ची टूर गिमारशिवाय जिंकला, हेही खरं.

राहिलं ओरडणं. सीटच्या उंचीचा, अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने चालणारा हिशोब गिमारच्या तालमीतलाच. अनवाणी, पाठ भिंतीला, पावलांत 15 सेंमी अंतर. जांघेत पुस्तक घट्ट दाबून जमिनीपर्यंत मोजा. आकडा गुणिले 0.883. 80 सेंमी आले तर 70.6. ही लांबी पेडलांचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत. पँटचं माप घेतलं की घोळ होतो, ते बहुधा कमी भरतं आणि सीट खाली राहून गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं. उलट सीट जास्त वर गेली तर पेडल मारताना कंबर डुलते. हे सूत्र पाय पट्ट्याने पेडलला बांधायचे त्या काळातलं. आजच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पातळ तळाच्या क्लिप बुटांसाठी 3 मिमी कमी धरा.